बिस्किटांचा गुलाबी डबा
‘टेड लासो’ या मालिकेतला फुटबॉल प्रशिक्षक टेड रोज सकाळी क्लबच्या मालकीणबाईंसाठी गुलाबी डब्यातून घरची बिस्किटं नेतो, तिथं मला हमखास हसू येतं. शाळेची कबड्डीची पोरं सांभाळताना संस्थेच्या सचिवांकडे मीही पेढे नेलेत. मॅटसाठी!

पण फुटबॉलमध्ये ही प्रशिक्षकाची खुर्ची मुळात एवढी मोठी नव्हतीच. जुन्या इंग्लंडात बऱ्याच क्लबांचा संघ संचालकच निवडायचे. मॅनेजर म्हणजे हिशेब नि पत्रव्यवहार पाहणारा माणूस. हर्बर्ट चॅपमन १९२५ साली आर्सेनल क्लबचा मॅनेजर म्हणून आला आणि संघनिवड त्यानं स्वतःच्या हातात ठेवली. वर डावपेचांच्या बैठकीत खेळाडूंनाही बोलायला लावलं. १९३२ मध्ये गिलेस्पी रोड या भुयारी स्टेशनाला आर्सेनलचं नाव लागलं, तेही त्याच्याच खटपटीनं. इंग्लंडचा राष्ट्रीय संघ मात्र समितीच निवडत राहिली, थेट १९६३ मध्ये मॅनेजर म्हणून अल्फ रॅम्सी येईपर्यंत. तीन वर्षांत विश्वचषक घरात!

आणि आपला लासो? तो जन्मला २०१३ मध्ये, एका अमेरिकी वाहिनीच्या जाहिरातीत. तो टेड नुसताच आरडाओरडा करणारा. चॅपमनसारखा दुसऱ्याचं ऐकून घेणारा टेड २०२० च्या मालिकेतला.

आमच्या सचिवांनी पेढे खाल्ले. मॅट काही आली नाही.