शोषखड्डा आणि परसातली झाडे

सेप्टिक टँक, त्याचे पाइप आणि शोषखड्डा यांच्या आसपास कोणते झाड लावावे, कोणते राखावे आणि कोणते काढावे, याची घरगुती व्यवस्था. अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळसारख्या उल्हास नदीकाठच्या गावात हा मामला एकट्या परसापुरता राहत नाही. इथे एमआयडीसीचे जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि उल्हासचे पाणी इथूनच कारखान्यांना व शहरांना जाते.

संडास तुंबला की आळ झाडावर येतो. पण धडधाकट पाइप मूळ सहसा फोडत नाही. चिनी मातीच्या किंवा सिमेंटच्या जुन्या पाइपाचा सांधा सैल झाला की ओल बाहेर झिरपते. केसाएवढे तंतुमूळ त्या ओलीच्या मागावर आत शिरते. पाणी, नत्र आणि हवा एकाच जागी सापडल्याने आत दाढीसारखा झुबका होतो, त्यात चरबी व कागद अडकतो. पुढे मूळ जाडावते आणि फट रुंदावते. म्हणजे पहिला दोष गवंड्याच्या सांध्याचा.

वड, पिंपळ, उंबर सर्वांत त्रासदायक. ते कोणी लावावेही लागत नाहीत. पाखरांच्या विष्ठेतले बी टँकच्या झाकणापाशी रुजते. रोप बोटभर असतानाच मुळासकट उपटावे. नुसते छाटले तर पुन्हा फुटते.

शोषचरांत, म्हणजे टँकचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांत, तंतुमुळे शिरण्याचा संभव असेल तिथे ते खोदू नयेत, असे भारतीय मानक २४७० सांगते. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १८ मीटर अंतर राखण्याची अटही त्यातच आहे. विहीर असलेल्या लहान वाडीत ते साधणे अवघडच.

पावसाळ्यातले निदान फसवे असते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. अशा दिवसांत जमीनच तुडुंब भरलेली असते, शोषखड्डा पाणी घेणार कुठून? कुऱ्हाड काढण्याआधी पाणी ओसरू द्यावे, मग चेंबर उघडून पाहावे. शिवाय जांभूळ, आंबा, फणस, चिंच ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, तर नागरी हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. परवानगीवाचून तोड अंगाशी येते.

मुळे मारायला मोरचूद ओतण्याचा उपाय टाळावा. टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरू शकतात, आणि तांबे पाझरून भूजलात व नदीत जाऊ शकते. मुळे कापून सांधा बदलावा, शक्य तिथे पीव्हीसी पाइप घालावा. गाळ सक्शन गाडीनेच उपसावा. टँकमध्ये माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणे हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शोषखड्ड्याच्या कडेला कर्दळ किंवा गवत चालते. अळू आणि केळ मात्र मोरीच्या सांडपाण्यावरच ठेवावी, तीही पाइपापासून दूर. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, पालेभाजी मैलापाण्याच्या जवळ नकोच.