चिऱ्याचं घर, सड्यावरचा हत्ती
रत्नागिरीतलं जुनं कौलारू घर बघायचं तर आधी भिंतीला हात लावा. हा जांभा. जमिनीतून काढताना मऊ, म्हणून हातहत्यारानेही चिरे पाडता येत. उन्हावाऱ्यात तो टणक होतो. फ्रान्सिस बुकाननने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७च्या प्रवासग्रंथात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. कोकणी गवंड्याला त्या बारशाची गरज नव्हती. पडवी, ओटी, माजघर, वर उतरतं छप्पर. सगळा आराखडा पावसानेच ठरवलेला.

आता चिरे यंत्राने कापतात आणि सडेच्या सडे खोदले जातात. कातळशिल्पं याच सड्यांवर आहेत. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कोरलेला अवाढव्य हत्तीही जांभ्यातलाच.