रायफलची काडतुसं आणि अचूकता : पाच गोळ्यांचा ग्रुप तुम्हाला कसा फसवतो?

दिवाळीत विंझरला घरी गेलो होतो. मामेबहीण पुण्यात .२२ रायफल शूटिंग शिकते. तिने मोबाईलवर एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो घरच्या टेबलावर, प्रेस आणि वजनकाटा घेऊन स्वतः काडतुसं भरत होता. ती म्हणाली, "दादा, आपण का नाही असं करत? स्वस्त पडेल आणि नेम पण सुधारेल." प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तर इथे नीट लिहितोय.

हँडलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी केस, प्रायमर, पावडर आणि पुढची गोळी. मोठ्या रायफलच्या काडतुसात प्रायमर केसच्या बुडाशी मध्यभागी बसवलेला असतो, म्हणून तो बदलून केस पुन्हा वापरता येते. प्रत्येक काडतूस अगदी सारखं बनवायचं, म्हणजे प्रत्येक गोळी सारख्याच वेगाने सुटेल, हा त्यामागचा विचार.

मग आपण का नाही?

पहिलं कारण कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. "नुसतं प्रयोग म्हणून केलं" हे चालत नाही.

दुसरं कारण तांत्रिक. .२२ चं काडतूस रिमफायर असतं. पेटणारं मिश्रण केसच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं आणि पिन आपटून ती कड चेपली जाते. केस एकदा वापरली की संपली. म्हणजे ऑलिंपिकचा ५० मीटर रायफल शूटरसुद्धा काडतूस भरत नाही, तो निवडतो. याला लॉट टेस्टिंग म्हणतात.

वेगातल्या फरकाने किती बिघडतं?

हिशोब सोपा आहे. गोळी साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. हवेचा रोध सोडला तर ५० मीटरला पोचेपर्यंत ती सुमारे ११.३ सेंटिमीटर खाली येते. वेग ३२५ झाला तर ११.६. म्हणजे फक्त ५ मीटरच्या फरकाने गोळी साडेतीन मिलिमीटर खाली लागते.

टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि दशांश गुणांत ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. म्हणजे नेम परफेक्ट असूनही ०.४ गुण गेले! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ गुणांवर कांस्य जिंकलं. अंतिम फेरीत तो ६०० पैकी ५९० गुण घेऊन सातव्या क्रमांकाने आला होता, आणि जागा आठच असतात. तिथे एकेक गुण मोलाचा.

लॉट टेस्टिंग कसं होतं?

एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस असलं तरी प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो, आणि प्रत्येक बॅरलला वेगळा लॉट मानवतो. म्हणून एली बर्मिंगहॅमजवळ आणि लापुआ जर्मनीत श्योनेबेकला शूटरची रायफल शिकंज्यात पकडून वेगवेगळे लॉट तपासून देतात. शिकंजा कशाला? माणसाचा श्वास आणि हात हिशोबातून बाहेर जावेत म्हणून.

आमची चूक

बहिणीने रेंजवर दोन लॉटच्या पाच-पाच गोळ्या मारल्या. एकाचा ग्रुप लहान आला. मामांनी भात विकून आलेल्या पैशातून वर्षभराचा तोच लॉट घेतला. पुढे स्कोअर काही वाढला नाही आणि ती स्वतःलाच दोष देत बसली.

मी पायथनमध्ये एकच लॉट हजारो वेळा "मारून" पाहिला. पाच गोळ्यांच्या ग्रुपची रुंदी नुसत्या नशिबाने साधारण २७ टक्के मागेपुढे होते. म्हणजे दोन्ही लॉट सारखेच असू शकतात! शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठाच होतो: १० गोळ्यांचा ग्रुप ५ च्या ग्रुपपेक्षा सरासरी २४ टक्के मोठा. म्हणून ५ आणि १० ची तुलना करूच नका.

मग काय करायचं?

१. प्रत्येक लॉटच्या निदान ४० गोळ्या मारा, शक्यतो टेकू देऊन.
२. सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजू नका. सगळ्या गोळ्यांचा मध्य काढा आणि प्रत्येक गोळीचं त्यापासूनचं अंतर घेऊन सरासरी काढा. ४० गोळ्यांत ही सरासरी साधारण ८ टक्केच हलते.
३. लॉट आलटून पालटून मारा, नाहीतर वाऱ्याचा आणि थकव्याचा दोष एकाच लॉटवर जातो.
४. फरक १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर तो फरक नाही असंच समजा आणि स्वस्त लॉट घ्या.

मोबाईल रिव्ह्यूमध्ये एकदाच बेन्चमार्क चालवून "हाच फास्ट" म्हणणाऱ्याला आपण हसतो. इथेही तेच आहे. बहिणीला आकडे दाखवले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे माझा हात बरा आहे?" हात बराच होता. त्या पाच गोळ्यांवरून काही ठरवण्याची घाई आम्ही केली होती.