बेवड: धाराशिवच्या द्विदल शेतीचा इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या काळ्या रानात मूग-उडीद निघाल्यावर रब्बी ज्वारी पेरण्याची आणि खरिपाच्या ज्वारीत तुरीचे पाटे धरण्याची रीत हैदराबाद संस्थानाच्या काळातही रूढ होती. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेल्या गुणाला, म्हणजेच बेवडाला, जपणे हा या रीतीचा गाभा होता.

बेवडाचे एक कारण 1888 मध्ये स्पष्ट झाले. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी द्विदल पिके मुळांवरच्या गाठींच्या साह्याने हवेतील नत्र वापरतात हे दाखवले, तर त्याच वर्षी बायेरिंक यांनी गाठीतील रायझोबियम जिवाणू वेगळा केला. द्विदलाचे मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये पाझरवते आणि जिवाणू त्यांना ‘नॉड घटक’ या संकेताने उत्तर देतो. हा संकेत बुरशीच्या कवचातील कायटिनशी मिळताजुळता असल्यामुळे वनस्पतीला मित्र आणि शत्रू यांत भेद करावा लागतो. ओळख पटली की तिची संरक्षणव्यवस्था आवरती होते आणि गाठ धरते. नत्र बांधणारी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी दिसते, कारण तिच्यात लेगहिमोग्लोबिन हे प्राणवायू धरून ठेवणारे प्रथिन असते.

त्याच मुळांवाटे शत्रूही आत शिरतो. तुरीची उभी झाडे वाळवणाऱ्या मर रोगाची फ्युजेरियम ही बुरशी जमिनीत अनेक वर्षे तग धरते. मात्र तूर ज्वारीसोबत असली की मर कमी होते, असे पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत आढळले. म्हणजेच जुनी मिश्रपीक पद्धत नत्र पुरवण्याबरोबरच रोगालाही आवर घालत होती.

1990 च्या दशकापासून मराठवाड्यात सोयाबीन झपाट्याने पसरले. तेही द्विदलच, पण त्याचा जोडीदार जिवाणू तूर-मुगाच्या जिवाणूहून वेगळा असल्यामुळे, पेरणीपूर्वी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम जिवाणू संवर्धन गुळाच्या पाण्यातून चोळण्याची शिफारस रूढ झाली. पाकिटातल्या जिवाणूने नत्राची सोय होते, पण सोयाबीनमागून हरभरा अशी द्विदलावर द्विदल घेण्याची पद्धत वाढली आणि ज्वारीचे क्षेत्र घटले, तेव्हा बेवडाचा रोग आवरणारा भाग मात्र मागे पडला. म्हणून या रीतीचे मोल केवळ नत्राच्या हिशेबात मोजणे अपुरे ठरते.