चेपाकचा अभिप्राय

चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यालगत तिरुवल्लिकेणी ही जुनी वस्ती आहे. तमिळमध्ये ‘अल्ली’ म्हणजे कुमुदिनी आणि ‘केणी’ म्हणजे तळे. कुमुदिनींच्या पवित्र तळ्यावरून हे नाव पडले. इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ झाले. येथे पार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे, वालाजाह मशीद आहे; आणि या वस्तीला लागूनच, समुद्राच्या अंगाला, अर्काटचा नबाब महंमद अली याने १७६८ च्या सुमारास बांधलेला चेपाकचा राजवाडा आहे. १८५५ मध्ये शेवटचा नबाब निपुत्रिक वारला. कंपनी सरकारने गादी खालसा केली आणि राजवाडा सरकारजमा झाला. जेथे दरबार भरत असे तेथे पुढे जमाबंदीची दप्तरे येऊन पडली. मद्रास इलाख्याच्या महसूल मंडळाचे ते ठाणे झाले.

हे मंडळ १७८६ मध्ये स्थापन झाले होते. शेतसारा, तळ्यांचे पाणी, पडीक जमिनी, गायराने या साऱ्यांवर त्याची देखरेख असे. त्याच्या हाताखालच्या कलेक्टर कचेऱ्यांतून तंजावरकडची मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या शिरस्तेदारी करीत आली होती. आज विधिमंडळाच्या समित्या एखाद्या विधेयकाची छाननी करतात, लोकांच्या हक्कांना त्यातून बाध येतो की काय हे पाहतात. त्या काळी लोकांनी निवडलेले विधिमंडळच नव्हते, मग त्याची समिती कोठून असणार? ते काम काही अंशी या मंडळाकडे आले. कारण जमिनीसंबंधीचा मसुदा अभिप्रायासाठी त्याच्याकडे येत असे.

असाच एक मसुदा जंगलांविषयीचा होता. आगगाडीच्या रुळांखाली घालावयाच्या लाकडासाठी रानेच्या राने तुटू लागली होती. मद्रास इलाख्यात १८५६ मध्ये वनखाते निघाले व डॉक्टर क्लेगहॉर्न त्याचे पहिले प्रमुख झाले. १८६५ मध्ये हिंदुस्थान सरकारने जंगलाचा कायदा केला. जंगल राखावयाचे तर ते सरकारच्या मालकीचे ठरविले पाहिजे, हा विचार वरिष्ठ वर्तुळांत बळावत चालला होता. रयत रानातून लाकूडफाटा आणते ती केवळ सरकारने काणाडोळा केल्यामुळे. तो काही तिचा हक्क नव्हे, अशी त्या पक्षाची विचारसरणी. बेडन-पॉवेल हे त्याचे मोठे पुरस्कर्ते होते.

१८७१ मध्ये मद्रासच्या महसूल मंडळाने याच्या नेमका उलट अभिप्राय दिला. इलाख्यात असे जंगल क्वचितच सापडेल की जे कोणत्या ना कोणत्या गावाच्या शिवेत नाही, असे मंडळाने कळविले. सागवान, चंदन, वेलदोडे अशा मोजक्या जिनसांवरील राजाचा हक्क सोडला, तर राज्याने या रानांवर अगदी अलीकडेपर्यंत मालकी सांगितलेलीच नाही. गावकऱ्यांचे सामाईक हक्क मात्र अनादि काळापासून चालत आलेले आहेत. त्यांची व्याख्या करणे कठीण आहे, पण खेड्यातील माणसाचे त्यांच्यावाचून चालत नाही.

या शब्दांमागे रोजचा व्यवहार होता. नांगराचे लाकूड, भातखाचरात तुडवावयाचा पाला, गुरांचा चारा आणि चुलीतले सरपण यांपैकी एकही वस्तू शेतकरी बाजारातून आणीत नसे. तमिळ दप्तरात साऱ्याच्या आकारणीबाहेर ठेवलेल्या जमिनीला ‘पोरंबोक’ म्हणतात. तळ्याचा काठ, गुरांचे रान, मसणवट हे सारे त्यात येते. पुढे हाच शब्द कुचकामी माणसाला शिवी म्हणून वापरला जाऊ लागला. जे कोणा एकाचे नाही ते कोणाचेच नाही, असे मानण्याची सवय भाषेतही किती खोल जाते, ते येथे दिसते.

मंडळाचे अधिकारी म्हणजे काही रयतेचे प्रतिनिधी नव्हते. गुरे मेली तर शेत पडेल आणि शेत पडले तर सारा बुडेल, हा हिशेब त्यांच्याही मनात होता. नव्या वनखात्याच्या हाती अधिकार जाऊ नयेत, ही असूयाही असेल. तथापि हेतू मिश्र असला तरी लिहिलेले खोटे ठरत नाही.

त्याचा परिणाम झाला, पण अपुरा. १८७८ चा कठोर जंगल कायदा मद्रासला लागू झाला नाही. मग वनखात्याचे मुख्य अधिकारी ब्रँडिस स्वतः मद्रासला आले आणि १८८२ मध्ये इलाख्याचा वेगळा कायदा झाला. राखीव रानांची आखणी सुरू झाली व अनेक जुने हक्क परवान्याच्या चिठ्ठीपुरते उरले. इकडे पुण्याची सार्वजनिक सभा जंगल कायद्याविरुद्ध अर्ज करीत होती. १८८३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी गावची कुरणे जंगलखात्याने गिळल्याचे गाऱ्हाणे मांडले. ठाणे-कुलाब्यातील राब जाळण्याचा प्रश्न इतका पेटला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी मंडळ नेमावे लागले. मद्रासमध्ये १९१३ ची जंगल समिती बसली आणि काही राने गावपंचायतींच्या हाती देण्याची शिफारस तिने केली. म्हणजे चार दशकांनी गाडी पुन्हा चेपाकच्या अभिप्रायाकडेच वळली.

मद्रासचे महसूल मंडळ १९८० मध्ये बरखास्त झाले. २००६ मध्ये संसदेने वनहक्कांचा कायदा केला. वनवासी समाजांवर इतिहासात अन्याय झाला, अशी कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. त्या कायद्यान्वये २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि चेपाकचा राजवाडा? त्यातील कलस महाल २०१२ मध्ये आगीत होरपळला. त्याचा जीर्णोद्धार झाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दक्षिणेकडील पीठ तेथे बसू लागले. रान, पाणी आणि पडीक जमीन यांचे वाद पुन्हा त्याच आवारात आले.

१८७१ चा अभिप्राय त्या वेळी दप्तरात पडून राहिला. परंतु जे सरकारला ऐकावयाचे नव्हते ते कोणी तरी स्वच्छ लिहून ठेवले, म्हणून पुढच्यांना आपला हक्क नवा नाही, जुनाच आहे, असे सांगता आले. सल्ला देणाऱ्या मंडळाचे कर्तव्य याहून वेगळे ते काय असते?