पडणे मोजायला कधी सुरुवात झाली?

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारतो, "गेल्या वर्षभरात कधी पडलात का?" बहुतेक वेळा उत्तर येते, "छे हो!" मग सोबत आलेली सून हळूच म्हणते, "बाबा, गणपतीत मोरीपाशी पडला होतात ना?" त्यावर, "ते काय पडणं? जरा पाय सरकला." तुमच्याही घरी असे संभाषण झाले असेल. पडल्याचे कबूल केले तर मुले एकट्याला देवळातही जाऊ देणार नाहीत, ही भीती त्यामागे असते. ती अगदीच खोटी नाही.

पण आम्हा डॉक्टरांनीही हा प्रश्न फार उशिरा विचारायला सुरुवात केली. हाड मोडले की ते बसवायचे. माणूस पडला कसा, याकडे वय झाले म्हणून दुर्लक्ष. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावचे डॉ. जोसेफ शेल्डन याला अपवाद होते. 1960 साली त्यांनी 202 जणांच्या 500 पडण्यांचा हिशेब मांडला. कोणी जिना संपला असे समजून शेवटची पायरी चुकले होते, कोणी उंच फळीकडे बघताना मान मागे टाकून कोसळले होते. जवळजवळ चौथा हिस्सा पडणी अशी होती, की शुद्ध न हरपता पायच अचानक गळून गेले. म्हणजे 'पाय घसरला' हे एकच कारण नव्हते.

पुढे 1986 मध्ये इंग्लंडचेच वार्धक्यतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स आणि सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी मांडली: खुर्चीतून उठा, थोडे चाला, वळा, परत येऊन बसा. तोल कसा वाटतो ते बघून डॉक्टरांनी एक ते पाच गुण द्यायचे. पण बघणाऱ्यागणिक गुण बदलणार! म्हणून 1991 मध्ये मॉन्ट्रियलच्या पॉड्सिआड्लो आणि रिचर्डसन यांनी अंतर तीन मीटर ठरवले आणि हातात घड्याळ घेतले. आज दवाखान्यात तुम्हाला चालायला लावतात ती हीच चाचणी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या पद्धतीत 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे धरतात.

माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे काम डॉ. मेरी टिनेटी यांचे. अमेरिकेत आपापल्या घरी राहणाऱ्या, 75 वर्षे वा त्याहून मोठ्या 336 जणांवर त्यांनी वर्षभर लक्ष ठेवले. 1988 साली निष्कर्ष छापून आले: जवळजवळ तिसरा हिस्सा माणसे वर्षात एकदा तरी पडली होती. झोपेच्या गोळ्या, विस्मरण, पायांतला अशक्तपणा, तोल, पावलांच्या तक्रारी हे त्यातले काही धोके. यांपैकी एकही धोका नसेल तर पडण्याची शक्यता 8 टक्के. चार किंवा जास्त असतील तर 78 टक्के! मग त्यांनी उलटा प्रयोग केला. एका गटाची औषधे तपासून जुळवली, व्यायाम दिला, काळजी कशी घ्यायची ते शिकवले. 1994 मध्ये कळले, की नेहमीच्या पद्धतीने राहणाऱ्यांपैकी 47 टक्के पडले, या गटातले 35 टक्के. वय तेच होते.

1997 ची एक स्वीडिश चाचणी मला फार आवडते. चालता चालता वृद्धांशी गप्पा सुरू करायच्या; बोलण्यासाठी थांबावे लागते का ते पाहायचे. थांबणाऱ्या 12 जणांपैकी 10 जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. घड्याळही नको.

घरात राहणाऱ्या, बऱ्यापैकी हिंडत्याफिरत्या माणसाचे भविष्य मात्र एकट्या घड्याळाच्या चाचणीने सांगता येत नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून 2022 च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही सुरुवात त्याच जुन्या प्रश्नापासून होते: वर्षभरात पडलात का?

पुढच्या भेटीला येताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, झोपेची गोळीसुद्धा. आणि मोरीपाशी पाय सरकला होता तेव्हा नुकतेच उठला होतात, वळत होतात की वाकला होतात, तेवढे आठवून ठेवा.