इंजिनाची नियमपुस्तिका

भिलाईच्या हुडको वसाहतीत राहणाऱ्या मनुष्याला, हवा दाबून भरली म्हणजे आग कशी भडकते, हे समजावून सांगावे लागत नाही. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. अशा भट्टीच्या पोटात यंत्राने सतत हवा लोटावी लागते. मोटारीतला टर्बोचार्जर हेच काम लहान प्रमाणावर करतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरते, त्याच्या दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरते, आणि हवा अधिक म्हणून इंधनही अधिक जाळता येते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

पण श्रोतेहो, हवा किती आणि इंधन किती, हे ठरवावयाचे कोणी? कार्ब्युरेटरच्या काळी हा अधिकार मिस्त्रीकडे असे. इंजिनाला कान लावून तो एक स्क्रू पाव फेरा फिरवी, आणि काम भागे. १९७९ साली बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली. तिने इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एका संगणकाच्या स्वाधीन केला. त्याच्या आज्ञा एका चिपमध्ये कोरलेल्या असत. त्या बदलावयाच्या तर चिप काढावी लागे. पुढे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी जागच्या जागी पुसून पुन्हा लिहिता येईल अशी स्मृती शोधून काढली. तिचे नाव फ्लॅश; मोटार 'फ्लॅश करणे' हा प्रयोग तिच्यावरूनच रूढ झाला.

टर्बो इंजिनाची शक्ती वाढविण्याचे आज दोन मार्ग आहेत. अनेक वर्षे कचेरीत काढलेल्या माझ्यासारख्याला कचेरीचाच दृष्टांत सुचतो. फ्लॅश करणे म्हणजे साहेबाच्या टेबलावरची नियमपुस्तिकाच बदलणे. दुसऱ्या मार्गाला पिगीबॅक म्हणतात. त्यात पुस्तिका तीच राहते, परंतु साहेबाकडे जाणारा अहवाल वाटेत अडवून त्यातील आकडा बदलला जातो. एक लहानशी पेटी संवेदक आणि नियंत्रक संगणक यांच्यामध्ये बसविली जाते. समजा, हवेचा दाब १.२ आहे, पेटी सांगते, १.० आहे. संगणक बिचारा प्रामाणिक! दाब कमी पडला असे समजून तो टर्बोला आणखी जोर लावावयास सांगतो. डिझेल मोटारीत हीच युक्ती बहुधा इंधनाच्या दाबाविषयी केली जाते.

तुलनेत फ्लॅशचे पारडे जड आहे, असे माझे मत. त्यात हवा, इंधन, ठिणगीची वेळ आणि संरक्षणाच्या मर्यादा यांचा एकत्र मेळ घालता येतो. पिगीबॅकमध्ये संगणकाला खरी स्थिती कळतच नाही. दाब धोक्याच्या रेषेपलीकडे गेला तरी त्याच्या दप्तरी तो रेषेच्या आतच असतो. शिवाय काही संगणक फरक ओळखून हळूहळू आपले माप सुधारून घेतात, आणि विकत घेतलेली शक्ती ओसरते. पेटीचे ग्राहक मात्र पुष्कळ, आणि त्याचे कारण उघड आहे: ती अर्ध्या तासात काढून ठेवता येते. फ्लॅश केलेल्या मोटारीत, किती वेळा लेखन झाले याची नोंद कित्येकदा मागे उरते. उलट कंपनीच्या सेवाकेंद्रात नवी आज्ञावली चढविली की बाहेरचे लेखन पुसलेही जाते.

परंतु मूळ पुस्तिकाच खोटी असली तर? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले, की फोक्सवागनच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली स्टिअरिंगची स्थिती, वेग, वेळ यांवरून परीक्षा चालू आहे हे ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. पुण्याजवळ चाकणला या कंपनीचा कारखाना आहे. पुण्यातच वेताळ टेकडीवर 'ए.आर.ए.आय.' ही वाहन-संशोधन संस्था आहे. तिने येथील गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० मोटारी परत बोलाविल्या. भारतीय नियम आपण मोडले नाहीत, अशी तिची भूमिका होती. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने वसुलीच्या कारवाईस स्थगिती दिली. आणि परत बोलाविलेल्या गाड्यांवरचा उपाय कोणता? मुख्यतः नवी आज्ञावली चढविणे, म्हणजे फ्लॅश!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. बदललेला सायलेन्सर तपासनिसाला दिसतो. बदललेला आकडा दिसत नाही. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची दाटी तेवढी मोजतात. मागच्या सायकलस्वाराच्या छातीत जाणारी नायट्रोजनची ऑक्साइडे त्या मापात येतच नाहीत.